४३ वर्षं एकाच बिळात: झाकणवाल्या कोळिणीचं शरीर आणि घर

प्रश्न थोडक्यात असा आहे: ऑस्ट्रेलियातला एक कोळी ४३ वर्षं जगला, तो जमिनीत झाकण असलेल्या बिळात राहायचा, असं वाचलं. या कोळ्याची शरीररचना कशी असते? तो बीळ कसं खणतो, झाकण कसं बनवतो, आणि इतकी वर्षं जगतो कसा? शेवटी एक उपप्रश्नही आहे. असं बीळ कुठे दिसलं, तर ते उकरून कोळी जवळून पाहायला काय हरकत आहे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हरकत आहे, आणि मोठी आहे. का, ते नीट कळायचं तर शरीर आणि बीळ दोन्ही समजून घ्यावी लागतात, म्हणून उत्तर लांबलं आहे. बिळात राहणाऱ्या कोळ्यांच्या नोंदी ठेवण्यात आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यांचे नमुने तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यातून पटलेली गोष्ट एकच: या प्राण्याचा एकेक अवयव एकाच जागी राहण्यासाठी घडलेला आहे. बीळ आणि कोळी वेगळे काढले की दोन्ही निरुपयोगी होतात.

आधी एक दुरुस्ती. तो कोळी नव्हता, मादी होती. नर इतकी वर्षं जगत नाही. तिची जात गायस विलोसस. जुन्या लिखाणात हिचंच नाव अनिडिऑप्स विलोसस असं सापडेल, तेव्हा दोन वेगळे कोळी समजू नका. विलोसस म्हणजे केसाळ. इडिऑपिडी हे तिचं कुळ, आणि हे कुळ ज्या मोठ्या गटात येतं तो म्हणजे मायगॅलोमॉर्फ. टॅरँटुला हे मोठे केसाळ कोळी याच गटातले. घराच्या कोपऱ्यात जाळं करणारे, बागेत गोल चाकासारखं जाळं विणणारे कोळी दुसऱ्या गटातले. दोन्ही गटांच्या वाटा फार पूर्वी वेगळ्या झाल्या.

हा फरक सगळ्यात स्पष्ट दिसतो तो विषदंतांत. घरातल्या कोळ्याचे दोन विषदंत समोरासमोर येतात, चिमट्यासारखे मिटतात. त्यामुळे तो हवेत लोंबकळतानाही भक्ष्य पकडू शकतो. मायगॅलोमॉर्फ कोळ्याचे विषदंत एकमेकांना समांतर असतात आणि वरून खाली येतात, दोन कुदळी शेजारी शेजारी धरून मारल्यासारखे. असा घाव घालायचा तर आधी अंगाचा पुढचा भाग उचलावा लागतो, आणि भक्ष्याखाली काहीतरी टणक लागतं. म्हणजे जमीन लागते. जमिनीशी यांचं नातं इथूनच सुरू होतं.

विषदंत ज्याच्या टोकाला असतात तो जाडजूड भाग म्हणजे केलिसेरा. याच्या पुढच्या कडेवर, विषदंताच्या मुळाशी, आखूड आणि जाड काट्यांची एक रांग असते. शास्त्रीय नाव रास्टेलम. लॅटिनमध्ये याचा अर्थ छोटं दाताळं. शेतातलं दाताळं ज्यांनी वापरलंय त्यांना वेगळं सांगायला नको. फक्त इथे लाकडी दांडा नाही, दाताळं थेट तोंडाशीच बसवलेलं. सूक्ष्मदर्शकाखाली हे काटे पाहायला मला आजही आवडतं. नुकतीच कात टाकलेल्या मादीचे काटे टोकदार, तांबूस काळे आणि चकचकीत असतात. कात टाकायला आलेल्या मादीचे बघा: टोकं गोल झालेली, एखादा काटा अर्धा तुटलेला, फटीत मातीचे कण रुतलेले. अवजार झिजतं, आणि कात टाकली की नवं मिळतं.

केलिसेराच्या मागे डोकं आणि छाती एकत्र असलेला शिरोवक्ष, त्यावर टणक पाठकवच. पाठकवचाच्या मधोमध एक खळगा दिसतो. वरून पाहणाऱ्याला ती नुसती खूण वाटते, पण आतल्या बाजूने त्या जागी शोषक जठराचे स्नायू बांधलेले असतात. कोळी घन अन्न गिळत नाही. भक्ष्यावर पाचकरस सोडून त्याचं पातळ करतो आणि तो रस ओढून घेतो. ओढण्याचा पंप त्या खळग्याखाली आहे. डोळे ८, सगळे पुढच्या टोकाशी. डोळ्यांवर तिचं फारसं अडत नाही. काळोख्या नळीत राहून नजरेचा उपयोग तो किती असणार!

तिला जग कळतं ते पायांतून. पायांवर अतिशय बारीक, खोलगट वाटीत रोवलेले संवेदी केस असतात, ते हवेच्या हलक्या झुळकीनेही झुकतात. सांध्यांजवळच्या कवचात सूक्ष्म चिरा असतात. जमिनीतून आलेल्या कंपनाने कवचावर ताण पडला की या चिरा किंचित दबतात आणि मज्जातंतूपर्यंत खबर जाते. मुंगी चालली की वाऱ्याने पान हललं, एवढा भेद तिला यातून करता येतो.

पायांबद्दल आणखी दोन गोष्टी. मादीचे पुढचे पाय आणि त्यांच्याही पुढचे, पायांसारखेच दिसणारे दोन पेडिपाल्प आखूड आणि दणकट असतात. त्यांच्या टोकाकडच्या भागांवर, दोन्ही बाजूंना, जाड काट्यांच्या ओळी असतात. भक्ष्य आवळायला आणि माती ओढायला तेच काटे उपयोगी पडतात. दुसरी गोष्ट पाय हलवण्याच्या रीतीची. आपल्या गुडघ्यात वाकवणारे आणि सरळ करणारे असे दोन्ही स्नायू असतात. कोळ्याच्या पायातल्या दोन मुख्य सांध्यांत सरळ करणारा स्नायूच नसतो. शिरोवक्ष आवळून तो पायांत द्रव दाबतो आणि त्या दाबाने पाय ताठ होतो. मेलेल्या कोळ्याचे पाय पोटाशी आखडलेले असतात त्याचं कारण हेच: दाब गेला, वाकवणारे स्नायू तेवढे उरले. यातूनच पाण्याचं महत्त्व लक्षात येईल. अंगातलं पाणी कमी झालं की या प्राण्याला नुसती तहान लागत नाही, त्याचे पायच चालेनासे होतात.

पाण्याचा धोका श्वसनातही आहे. मादी उलटी केली तर पोटाच्या खालच्या बाजूला ४ फिकट चकत्या दिसतात. ती तिची फुप्फुसं. आत पुस्तकाच्या पानांसारखे पातळ पापुद्रे एकावर एक रचलेले असतात, म्हणून त्यांना पुस्तक-फुप्फुसं म्हणतात. बाकीच्या बहुतेक कोळ्यांत मागची जोडी राहिलेली नाही, तिची जागा हवानलिकांनी घेतली आहे. मायगॅलोमॉर्फ कोळ्यांत दोन्ही जोड्या कायम आहेत. पापुद्र्यांचा इतका मोठा ओलसर पृष्ठभाग हवेला उघडा असल्यावर पाणी उडून जाणारच. कोरड्या उन्हात अशी मादी फार वेळ टिकत नाही. गायस विलोससचा प्रदेश पश्चिम ऑस्ट्रेलियाचा गव्हाचा पट्टा आणि त्यापलीकडचा रखरखीत भाग, जिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा भाजून काढणारा असतो. तिथे असं शरीर घेऊन उघड्यावर राहणं शक्यच नाही.

उदराच्या टोकाला रेशीम सोडणारे ४ आखूड अवयव. यांचं रेशीम जाळं विणणाऱ्या कोळ्यांसारखं नाही. लोंबकळायचा मजबूत दोरा किंवा एका ठिपक्यात चिकटवायचा सांधा यांना करता येत नाही, कारण त्या ग्रंथीच यांच्यात नसतात. यांना जमतं ते रेशमाचा पापुद्रा पसरणं. उदराचं टोक डावी-उजवीकडे हलवत मादी नळीच्या भिंतीवर असा हात फिरवते, जसा आपण भिंतीवर चुन्याचा कुंचला फिरवतो. एक थर, त्यावर दुसरा, मग तिसरा. जाळ्यासाठी हे रेशीम कुचकामी, अस्तरासाठी अव्वल.

आता खणण्याकडे येऊ. पिल्लं आईच्या बिळातच अंड्यांतून बाहेर येतात आणि काही काळ तिथेच राहतात. पावसाने माती मऊ झाली की बाहेर पडतात. पुष्कळ जातींच्या कोळ्यांची पिल्लं रेशमाच्या धाग्यावर वाऱ्याने दूर उडून जातात. ही पिल्लं चालत जातात, आणि फार लांब जात नाहीत. त्यामुळे एका मोठ्या बिळाच्या आसपास छोट्या छोट्या झाकणांची वस्ती दिसते. टाचणीच्या डोक्यापेक्षा जरा मोठं एखादं झाकण नजरेला पडलं आणि ते झाकण आहे हे ओळखता आलं, की त्या दिवशी मला जेवणाची आठवण राहत नाही.

पिल्लू जागा धरतं आणि खणायला लागतं. रास्टेलमचे काटे आणि विषदंत माती फोडतात. सुटी माती केलिसेरा आणि पेडिपाल्प यांच्यात दाबून तिची गोळी होते. ती गोळी तोंडाशी धरून पिल्लू मागे सरकतं, नळीत वळतं, तोंडापर्यंत येतं आणि गोळी बाहेर टाकतं. पुन्हा खाली. या येरझारा किती होतात हे एकदा मी एका लहान कोळ्याच्या बाबतीत मोजायला बसलो होतो. दोनशेच्या पुढे गेल्यावर मोजणी सोडली आणि नुसता पाहत राहिलो. प्रत्येक वेळी गोळी टाकण्याआधी ते क्षणभर थांबायचं, पुढचे दोन पाय कडेवर टेकवायचं आणि मगच वर यायचं. ते थांबणं म्हणजे कानोसा घेणं. बाहेर कंपन असेल तर गोळी तशीच धरून परत आत.

खणता खणता भिंतीला अस्तर लागत जातं. ओलसर मातीचा हात फिरवून भिंत गुळगुळीत करायची आणि वर रेशमाचा थर द्यायचा. यामुळे माती ढासळत नाही, ओल टिकते, आणि ताणलेल्या रेशमातून कंपनं चांगली येतात. खोली वाढेल तसा तपमानातला चढउतार कमी होतो. वीत-दोन वीत खाली गेलं की दिवस-रात्रीचा फरक जवळपास नाहीसा होतो. बाहेर जमीन तव्यासारखी तापलेली असताना तळाशी बसलेल्या मादीला त्याची झळ फारशी लागत नाही. भर उन्हाळ्यात तर मादी बिळाचं तोंड मातीने बंद करून घेते आणि पाऊस येईपर्यंत आत स्वस्थ राहते.

झाकण बनवायची रीत जातीजातीनुसार वेगळी. एका रीतीत कोळी तोंडावर रेशमाचा पडदा ताणतो, त्यात आतून मातीचे कण चिकटवत जातो, पुन्हा रेशीम, पुन्हा माती. तोंड पूर्ण बंद झालं की विषदंतांनी कडेकडेने कापत येतो आणि एका बाजूला थोडा भाग जोडलेला ठेवतो. तीच बिजागरी. बीळ उतारावर असेल तर बिजागरी बहुधा वरच्या अंगाला असते, म्हणजे सोडलं की झाकण आपल्या वजनानेच मिटतं. काही जातींची झाकणं बाटलीच्या बुचासारखी जाड, कडा तिरप्या कापलेल्या, खाचेत घट्ट बसणारी. काहींची कागदासारखी पातळ, नुसती वर टेकलेली. मादी वाढते तशी नळी रुंद करते आणि झाकणालाही कडेने भर घालते. जाड झाकण उलटं करून पाहिलं तर या वाढीच्या चंद्रकोरी एकाबाहेर एक मोजता येतात. आम्ही बिळांची गणना करतो तेव्हा कोळ्याला हातही लावत नाही. झाकणाची रुंदी मोजतो, तेवढ्यावरून पिल्लू, अर्धवट वाढलेली मादी की प्रौढ मादी याचा अंदाज येतो.

झाकण आजूबाजूच्या जमिनीत इतकं मिसळून जातं की कोळी रंग जुळवतो असं सगळ्यांना वाटतं. यावर १८७० च्या दशकात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मेंतोंला, जॉन मोग्रिज या निसर्गअभ्यासकाने एक साधा प्रयोग केला होता. कोळी वेगळ्या जातीचे होते, पण गोष्ट इथेही लागू पडते. त्याने शेवाळाने झाकलेलं एक झाकण काढलं आणि भोवतालचं सगळं शेवाळ खरवडून जमीन उघडी केली. कोळ्याने नवं झाकण केलं, आणि त्यावर दुरून शेवाळ आणून लावलं. उघड्या तपकिरी मातीत हिरवं झाकण! लपायच्या ऐवजी ते ठळक उठून दिसायला लागलं. म्हणजे रंग पाहून जुळवणी होत नाही. पायांना जे ओळखीचं लागतं ते झाकणावर चढवलं जातं. एरवी परिसर बदलत नसल्यामुळे ही सवय अचूक ठरते. परिसर एका दिवसात बदलला की तीच सवय घात करते. जमीन साफ करणाऱ्या कुणीही हा प्रयोग ध्यानात ठेवावा असं मला मनापासून वाटतं.

गायस विलोससच्या बिळाची खासियत मात्र झाकणाच्या पलीकडे आहे. बिळाच्या कडेला ती काटक्या आणि लांबट पानं रेशमाने चिकटवते. त्यांची एक टोकं कडेला जोडलेली, दुसरी बाहेर पसरलेली, सूर्याच्या चित्रातल्या किरणांसारखी. वरून पाहणाऱ्याला हा पालापाचोळा वाटतो. संध्याकाळी मादी झाकणाखाली येते आणि पुढच्या पायांची टोकं कडेवर, नेमकी या काटक्यांच्या मुळाशी ठेवते. लांब टोकाला मुंगीचा पाय लागला की खबर मुळाशी पोचते, कोणत्या काटकीवरून आली हेही कळतं, आणि मादी त्याच दिशेने झेपावते. पायाच्या लांबीपेक्षा कितीतरी जास्त जमीन अशी पहाऱ्याखाली येते, आणि त्यासाठी बिळातून बाहेर पडावं लागत नाही. या कोरड्या प्रदेशात भक्ष्य विरळ, बाहेर फिरलं तर पाणी जातं. काटक्यांनी दोन्ही अडचणी सुटल्या. या काटक्यांचं काम काय हे कोळ्यांच्या अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन यांनी दाखवून दिलं. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

झेप पाहणं हा एक अनुभव आहे. मी लाल उजेडात पाहतो, त्याने कोळी फारसे बिचकत नाहीत. आधी झाकणाची कड केसभर वर आलेली दिसते. त्या फटीत पायांची चार-सहा काळसर टोकं. मग बराच वेळ काहीच नाही. एक तास, कधी दोन. मग झाकण उघडतं आणि मिटतं, आणि मुंगडा जिथे होता तिथे नसतो. एवढंच दिसतं. झेपेत बहुधा मागचे पाय कडेच्या आतच अडकवलेले असतात, शरीराचा अर्धा भागही बाहेर येत नाही. परत जायची वाट तिने कधी सोडलेलीच नसते.

बचावाचंही तसंच. झाकणाला बाहेरून धक्का लागला तर बऱ्याच जातींच्या माद्या आतल्या रेशमात विषदंत रोवतात, पाय भिंतीत घट्ट दाबतात आणि झाकण खाली ओढून धरतात. बारीक चिमट्याने अशी कड उचलून पाहिली तेव्हा चिमट्याच्या टोकाला आलेली ओढ मी विसरलेलो नाही, एवढ्याशा जिवाची ती वाटतच नाही. कॅलिफोर्नियातल्या बोथ्रिओसायर्टम या झाकणवाल्या कोळ्याने स्वतःच्या वजनाच्या ३८ पट ओढ सहन केल्याची नोंद आहे. सायक्लोकॉस्मिया या कोळ्याचं उदर मागून छाटल्यासारखं सपाट आणि टणक असतं. तो डोकं खाली करून नळीत उतरतो आणि त्या चकतीनेच नळी बंद करतो. गव्हाच्या पट्ट्यातच राहणाऱ्या इडिओसोमा नायग्रमचं उदरही जाड कातडीचं, ढालीसारखं. गायसचं उदर मात्र मऊ आहे. तिचा उपाय वेगळा: रेशमी अस्तराचा वरचा भाग मोज्यासारखा आत ओढून खाली पाडता येतो. शत्रू झाकणातून आत आला, की त्याच्यासमोर मिटलेली पिशवी येते, आणि मादी त्याखाली असते.

नराबद्दल थोडक्यात. तो काही वर्षं मादीसारखाच बिळात वाढतो. शेवटची कात टाकली की पाय लांब, अंग सडपातळ, पुढच्या पायावर एक आकडा. बीळ सोडून पावसाळी दिवसांत मादी शोधत हिंडतो, मिलनाच्या वेळी त्या आकड्याने तिचे विषदंत अडवून धरतो, आणि थोड्याच दिवसांत मरतो. मादी प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहते. कात टाकली की वीर्य साठवण्याच्या पिशव्यांचं अस्तरही निघून जातं, म्हणून पुढच्या पिल्लांसाठी नवा नर यावा लागतो. आसपास नर उरले नसतील तर धडधाकट मादी वर्षानुवर्षं नुसती बसून राहते. वरून सगळं आलबेल दिसतं, आणि वस्ती मात्र संपलेली असते.

आता त्या ४३ वर्षांकडे. बार्बरा यॉर्क मेन पश्चिम ऑस्ट्रेलियाच्याच, गव्हाच्या पट्ट्यात वाढलेल्या. १९७४ मध्ये त्यांनी टॅमिन गावाजवळच्या नॉर्थ बंगुला या छोट्या राखीव रानात बिळांशेजारी क्रमांक रोवायला सुरुवात केली आणि वर्षानुवर्षं त्याच बिळांकडे परत जात राहिल्या. दीडशेहून जास्त बिळांना क्रमांक पडले. पहिल्या काही पिल्लांत एकाला १६ हा क्रमांक मिळाला. मेन यांचं वय झाल्यावर काम संशोधक लिआंडा मेसन यांच्याकडे आलं, आणि १६ क्रमांकाची मादी तिथेच होती, त्याच बिळात.

यावर एक रास्त शंका येते: कशावरून तीच मादी? बीळ तेच, आतला कोळी बदलला असेल. याचं उत्तर सवयीत आहे. या जातीची मादी बीळ दुरुस्त करते, सोडत नाही, आणि दुसरीचं रिकामं बीळ घेत नाही. वाढत्या रुंदीच्या नोंदीही सलग होत्या. बीळ आणि मादी यांची गाठ इतकी पक्की आहे म्हणूनच हा अभ्यास होऊ शकला. दुसऱ्या कुठल्या कोळ्याचं वय असं खुंटी ठोकून मोजता आलं नसतं. याआधी सर्वांत जास्त वयाची नोंद २८ वर्षांची होती, एका टॅरँटुलाची.

इतकं आयुष्य कशामुळे? मला तीन गोष्टी दिसतात आणि त्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. शरीराचा खर्च फार कमी: हालचाल नाही, चयापचय मंद, बराच काळ उपाशी राहता येतं. जागा बदलत नाही, त्यामुळे उन्हात सापडण्याचे, भक्षकाच्या तोंडी जाण्याचे प्रसंग कमी. आणि ज्या रानात ती होती ते नांगरलं गेलं नव्हतं. ही तिसरी गोष्ट बातम्यांत मागे पडली, पण माझ्या लेखी तीच पहिली. गव्हाच्या पट्ट्यातलं बहुतांश मूळ रान शेतीसाठी साफ झालं. उरलेत ते तुकडे. उडू न शकणारी पिल्लं आणि चालत जाणारे नर एका तुकड्यातून दुसऱ्यात कसे जाणार?

आता उकरण्याचा प्रश्न. सुरुवातीच्या काळात मी एक प्रौढ मादी उकरून काचेच्या पेटीत ठेवली होती. जात वेगळी होती, कुळ हेच. माती तिच्याच जागेची, ओलही नीट दिली होती. वाटलं, खणेल. ती खणत नव्हती. रात्रभर काचेच्या कडेने फिरायची, कोपऱ्यात पुढचे पाय उभे टेकून थांबायची, पुन्हा फिरायची. बोटाने खड्डा करून दिला तेव्हा त्यात अर्धी बसली, पण रेशमाचे दोन-चार विस्कळीत पदर टाकण्यापलीकडे काही केलं नाही. तेराव्या दिवशी पाय आखडलेले सापडले. चूक सर्वस्वी माझी होती. तिने आयुष्यात पूर्ण बीळ असं एकदम कधी खणलंच नव्हतं. टाचणीएवढी असताना सुरुवात केली आणि कातीगणिक बोटभर वाढवत नेलं. पूर्ण वाढलेलं जड उदर घेऊन पहिल्यापासून खणणं हे तिच्या शरीराला आणि सवयीला दोन्हीला परकं काम आहे. मागे राहिलेल्या जागी पुढे मी दोन पावसाळे जाऊन पाहिलं. एकही नवं छोटं झाकण दिसलं नाही.

दंशाची भीती असेल तर सांगतो, या कुळातल्या झाकणवाल्या कोळ्यांचा दंश सहसा दुखणं आणि सूज यावर भागतो. पण ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागात जमिनीत राहणारे फनेल-वेब कोळी याच मोठ्या गटातले आणि प्राणघातक विषाचे आहेत. भोक पाहून आत बोट किंवा काडी घालायची नाही, एवढं कुठेही पाळा.

बीळ पाहायचं तर उचकटल्याशिवायही पुष्कळ कळतं. दिवसा वाकून झाकणाची कड बघा. कड नीट बसलेली, बिजागरी शाबूत, काटक्या जागच्या जागी असतील तर घरात कुणीतरी आहे. अंधार पडल्यावर हातभर अंतरावर, पाय न हलवता बसा, कारण तुमचं पाऊल तिला तुमच्या आधी पोचतं. झाकण वाकडं, रेशीम मळकट आणि सुटलेलं, काटक्या विखुरलेल्या असतील तर बहुधा उशीर झालेला आहे. आणि झाकणाला आरपार भोक असेल, तर ते काम कोळीमार गांधीलमाशीचं असू शकतं. ती आत शिरून मादीला डंख मारते, तिच्या अंगावर अंडं घालते, आणि अळी लुळ्या पडलेल्या मादीवर पोसली जाते.

३१ ऑक्टोबर २०१६ ला लिआंडा मेसन १६ क्रमांकापाशी पोचल्या तेव्हा त्यांना हेच दिसलं. झाकणाला भोक पडलेलं होतं. सहा महिन्यांपूर्वीच्या फेरीत मादी जिवंत होती. आता बीळ मोडकळीला आलं होतं आणि आत कुणी नव्हतं.